गुडघा ‘झिजला’ म्हणजे आत नेमकं काय झालं? (ऑस्टिओआर्थ्रायटिसचा एकत्र धागा)

लवण:
पावसाळा लागला की आरोग्य विभागात गुडघेदुखीचे धागे उगवतात. प्रश्न तेच आणि उत्तरंही तीच, फक्त दहा ठिकाणी सांडलेली. म्हणून हा एकत्र धागा. मी फिजिओच्या बाजूने लिहिते. हाडवैद्य_नव्हे, केमिस्ट_गल्ली आणि ओटा_मोरी यांना हाक मारली आहे. एकच विनंती, ‘आमच्या मावशीला अमक्या तेलाने गुण आला’ हे इथे नको, त्याला गप्पांचं पान आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. मराठीत संधिवात म्हटलं की सगळंच त्यात कोंबलं जातं. आमवात म्हणजे रुमॅटॉइड, तो वेगळा. युरिक ॲसिडवाला गाऊट वेगळा. चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने सांधे धरतात ते आणखी वेगळं. हा धागा ऑस्टिओआर्थ्रायटिसचा, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘झिजलेल्या’ गुडघ्याचा.

गुडघ्यात तीन कप्पे असतात. मांडीचं हाड नडगीवर टेकतं ते आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. वाटी मांडीच्या हाडावर घसरते तो पुढचा तिसरा. बहुतेकांचा आतला कप्पा आधी जातो, कारण चालताना भार आतल्या बाजूने जास्त उतरतो. ती बाजू खचली की पाय धनुष्यासारखा वाकतो, आणि वाकला की भार आणखी आत सरकतो.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही. नस नाही म्हणून सुरुवातीला बिघडलं तरी कळत नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि भोवतालचे स्नायू-बंध दुखत असतात. रक्तवाहिनी नाही म्हणून पोषण सांध्यातल्या द्रवातून मिळतं. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी पिळली जाते, उचललं की द्रव शोषते. खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाच्या गुडघ्यात ही ये-जा मंदावते.

‘झीज’ हा शब्द मला म्हणूनच आवडत नाही. टायर झिजतो तेव्हा नुसता झिजतो. गुडघ्यात मोडतोड आणि डागडुजी दोन्ही चालू असतात, डागडुजी मागे पडते तेव्हा हा आजार. ‘झिजलाय’ ऐकलं की माणूस गुडघा जपून ठेवायला लागतो आणि पुढच्या सहा महिन्यांत मांडी बारीक होते. ती बारीक झालेली मांडी ही निम्मी दुखण्याची गोष्ट आहे.

शंकासुर:
मग ‘वंगण संपलंय’ म्हणतात ते काय? आणि कटकट आवाज येतो तो हाडावर हाड घासल्याचा नाही?

हाडवैद्य_नव्हे:
वंगण संपत नाही. उलट अस्तर चिडलं की द्रव जास्त तयार होतो, गुडघा फुगतो, वाटीच्या वर दोन्ही बाजूंना भरल्यासारखं दिसतं ते तेच. बिघडते ती त्याची प्रत, द्रव पातळ होतो. ‘वंगण भरून देतो’ म्हणून जी इंजेक्शनं विकली जातात त्याकडे खाली येतो.

आवाजाचं म्हणाल तर, दुखत नसेल आणि सूज नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरू नका. निरोगी गुडघेही वाजतात.

निदानाबद्दल. वय ४५ च्या पुढे, वापरल्यावर दुखतं, आणि सकाळी आखडलेला गुडघा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो, या तीन गोष्टी असतील तर बऱ्याचदा एक्स-रेचीही गरज पडत नाही. सकाळची आखड तासाभराहून जास्त टिकत असेल आणि हाताच्या बोटांचे सांधेही सुजत असतील तर आमवाताचा विचार करावा लागतो.

एक्स-रे काढायचाच तर उभं राहून. पडून काढलेल्या फिल्ममध्ये भार नसतो, त्यामुळे सांध्यातलं अंतर आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. चिठ्ठीवर ‘स्टँडिंग’ लिहिलं आहे का बघा, नसेल तर टेबलावर झोपण्याआधी तिथल्या टेक्निशियनला विचारा. रिपोर्टातला ‘ग्रेड’ म्हणजे केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली ० ते ४ ची मोजपट्टी. १ म्हणजे शंका. २ म्हणजे हाडाच्या कडेला टोकं नक्की आलीत. ३ म्हणजे अंतर नक्की कमी झालंय. ४ म्हणजे अंतर जवळपास मिटलंय आणि हाडाचा आकारही बदललाय.

हा ग्रेड फिल्मचा आहे, माणसाचा नाही. ग्रेड ४ घेऊन बाजारहाट करणारे आहेत आणि ग्रेड २ ला रात्री झोप न येणारेही आहेत. ऑपरेशन ग्रेडवर ठरत नाही.

तिसरा_मजला:
एमआरआय काढून घेतला तर जास्त कळेल ना? रिपोर्टात ‘मेनिस्कस टेअर’ आलं तर ते शिवून घ्यावं लागतं का?

हाडवैद्य_नव्हे:
पन्नाशीनंतर मेनिस्कसमध्ये (दोन हाडांमधली कूर्चेची गादी) चीर दिसणं म्हणजे केस पांढरे दिसण्यासारखं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २००८ मधल्या पाहणीत ज्यांच्या एमआरआयमध्ये चीर होती त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचं काहीच दुखणं नव्हतं. चीर दिसली, दुर्बीण घातली, कडा छाटल्या, हा मार्ग झिजलेल्या गुडघ्यात उपयोगाचा नाही. ह्यूस्टनला २००२ मध्ये १८० रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना दुर्बिणीतून खरी सफाई, काहींना नुसते त्वचेवर छेद. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता. अपवाद एकच, गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही, ते प्रकरण वेगळं.

लवण:
आता व्यायाम. ‘व्यायाम करा’ हे सगळे सांगतात, किती आणि कसा हे कागदावर येत नाही, म्हणून नीट लिहिते.

पहिला, लवण दाबणे. माझं नाव त्यावरूनच. पलंगावर पाय लांब करून बसा. हातरुमालाएवढा टॉवेल गुंडाळून गुडघ्यामागच्या लवणीखाली ठेवा. आता लवणीने टॉवेल गादीत दाबा, पाऊल स्वतःकडे ओढलेलं. ५ ते १० सेकंद धरा, सोडा, तेवढाच वेळ थांबा. १० वेळा, दिवसातून तीनदा. वाटीच्या वर आतल्या बाजूला बोटं ठेवून बघा, तिथला स्नायू दगडासारखा झाला पाहिजे. तो मऊच राहिला आणि कुल्ला घट्ट झाला तर दाब कुल्ल्याने देताय, गुडघ्याने नाही. दुसरी नेहमीची चूक श्वास रोखण्याची. आकडे मोठ्याने मोजा म्हणजे रोखताच येणार नाही.

दुसरा, सरळ पाय उचलणे. उताणं झोपा, दुसरा गुडघा वाकवून पाऊल टेकवलेलं, नाहीतर कंबर धरते. हा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, ५ सेकंद, हळू खाली. १० चे २ किंवा ३ संच. उचलताना गुडघा जरासा जरी वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही, दोन आठवडे पहिल्यावरच राहा. वाकलेल्या गुडघ्याने पन्नास वेळा उचलून काही हाती लागत नाही.

तिसरा, मला सगळ्यात जवळचा, खुर्चीतून उठबस. खुर्ची भिंतीला टेकवा. सुरुवातीला उशी घालून बैठक उंच करा. हात छातीवर. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुका, मग उठा. बसताना मनात तीन मोजत बसा, धपकन पडू नका, कारण अर्धा व्यायाम बसण्यातच आहे. गुडघे आत कोसळू देऊ नका, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहिले पाहिजेत. ८ ते १० चे ३ संच. सोपं वाटलं की उशी काढा.

त्यापुढे कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि मग पायरी. पायरीसाठी पाट वापरू नका. तो लादीवर सरकतो. जिन्याची सगळ्यात खालची पायरी घ्या, एक हात कठड्यावर.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पहिले दोन रोज चालतात. गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त.

शंकासुर:
व्यायामाने दुखलं तर थांबायचं की दामटायचं?

लवण:
दोन्ही नाही. दुखण्याला ० ते १० मार्क द्या. व्यायाम करताना ४-५ पर्यंत चालेल. बघायचं ते दुसऱ्या दिवशी. २४ तासांत आधीच्या पातळीवर आलं तर तो डोस बरोबर. दुसऱ्या सकाळीही वाढलेलंच असेल किंवा गुडघा फुगला असेल तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.

आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं, कारण अर्धवट वाकलेल्या गुडघ्यात आतला ताण सर्वांत कमी असतो. पण रोज सात तास वाकलेला राहिला की तो पूर्ण सरळ होणं विसरतो. सरळ न होणाऱ्या पायावर उभं राहायचं तर मांडीला सतत काम करावं लागतं, मग संध्याकाळी ‘पाय भरून येतात’. उशी हवीच असेल तर कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्या.

चालायचं सपाटीवर. मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याच्या कडेने गेलात तर फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते, आणि मोठा फायदा असा की जिथे दुखेल तिथे बसता येतं. आधी दिवसातून दोनदा १० मिनिटं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. एकदम तासभर चालून पुढचे चार दिवस झोपून काढणं हा हमखास फसणारा प्रकार.

पुलाखालचा_मारुती:
जिना बंद करायचा की नाही ते सांगा हो. इथे लोकलने जाणाऱ्याला पूल टाळता येत नाही आणि जुन्या इमारतीत लिफ्ट नाही. ‘जिने टाळा’ म्हणणाऱ्यांनी एकदा दादरचा पूल सकाळी नऊ वाजता उतरून दाखवावा.

ओटा_मोरी:
रास्त तक्रार. जिना कायमचा बंद करायचा नाही, पद्धत बदलायची. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो आणि त्यातला बराचसा वाटीमागे, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं.

फार दुखत असेल त्या काळात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. उचलायचं किंवा हळूच सोडायचं जड काम दर वेळी चांगल्या पायाकडे जातं. कठडा धरायचा तो नुसता हात ठेवायला नाही, थोडं वजन द्यायला. पुलावर कडेने चाला. गर्दीचा लोंढा मधून जातो, तुमच्या वेगाने त्यांचं अडत नाही आणि त्यांच्या धक्क्याने तुमचा तोल जात नाही. लोकलच्या दारातही हाच नियम. चढताना चांगला पाय आत, उतरताना दुखरा पाय फलाटावर आधी, दांडा हातातून शेवटी सोडायचा. फलाटावरचा सरकता जिना किंवा लिफ्ट कोणत्या टोकाला आहे ते बघून डबा निवडला तर रोजच्या शंभरेक पायऱ्या वाचतात. दुखणं उतरलं की पुन्हा एका पायरीवर एकच पाय, या नेहमीच्या पद्धतीवर या, नाहीतर तो दुखरा पाय कायमचा पाहुणा होऊन बसेल.

घरात तीन जागा बघा. संडास, मोरी आणि बैठक.

भारतीय संडासावर उकिडवं बसायला गुडघा पूर्ण मिटावा लागतो. तोडफोड करणं शक्य नसेल, चाळीत तर नसतंच, तर वरून ठेवायची भोक असलेली लोखंडी खुर्ची मिळते. तिच्या पायांना रबर आहे का ते आधी बघा. कमोड असेल आणि तोही खाली वाटत असेल तर त्यावर बसवायची चार इंच उंचीची सीट मिळते. भिंतीतला दांडा बसवताना टाइलच्या मागे वीट लागते की पोकळ लागते ते मिस्त्रीकडून ठोकून घ्या. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती निघून हातात येते.

बैठकीची उंची मोजायची सोपी खूण. चपला घालून खुर्चीशेजारी उभं राहा. बसायची जागा गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला यावी. मऊ सोफे यात नापास होतात, कारण बसल्यावर चार-पाच इंच खाली जातात. सोफ्याच्या गादीखाली प्लायवूडची फळी सरकवली तरी बराच फरक पडतो.

विळी घेऊन खाली बसून नारळ खवणं आणि भाजी चिरणं सोडा, ओट्यावर सुरी. पूजेला मांडीऐवजी स्टूल. मांडी घालण्यात पाप नाही, तासभर घालून ठेवण्यात त्रास आहे.

तिसरा_मजला:
आणि जमिनीवर बसलंच तर उठायचं कसं?

ओटा_मोरी:
सरळ पुढून उठायला जाऊ नका. घडी घातलेल्या गोधडीवर एका कुशीला वळून रांगण्याच्या स्थितीत या. समोर खुर्ची. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवा, हात आणि तो पाय यांवर जोर देऊन वर या, दुखरा पाय मागून येईल. खुर्ची प्लास्टिकची हलकी असेल तर आधी भिंतीला टेकवा, नाहीतर ती पुढे पळते आणि तुम्ही तोंडावर.

केमिस्ट_गल्ली:
औषधांचं. पावती न घेता गोळ्या नेणाऱ्यांसाठी विशेष.

लावायच्या जेलपासून सुरुवात करा. डायक्लोफिनॅक जेल गुडघ्याला खरंच उपयोगी पडतं, कारण सांधा त्वचेच्या जवळ आहे. खुब्याला पडत नाही. पण लोक वाटाण्याएवढं लावतात आणि ‘जेलने काही होत नाही’ म्हणतात. लागतं एका गुडघ्याला २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा. मोजायचं कसं? तर्जनीच्या टोकाच्या पेरावर नळीतून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. अशा चार रेघा म्हणजे २ ग्रॅम. ३० ग्रॅमची नळी एका गुडघ्याला पाच दिवसांत संपली पाहिजे. दोन महिने पुरली तर ती लावलीच नाही म्हणायचं. पुढे, बाजूंनी आणि लवणीत, सगळीकडे हलक्या हाताने. लगेच गरम शेक किंवा पट्टा नको. हात धुवा, नंतर डोळ्याला लागला की कळतं.

पोटातल्या गोळ्या. असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी घराघरात आहे. तिच्यात पॅरासिटामॉल आधीच ३२५ मिलिग्रॅम असतं. वरून सर्दीची गोळी आणि तापाची ६५० ची घेतली की तीन दारांनी एकच औषध आत जातं. दिवसाची बेरीज ३ ग्रॅमच्या आत ठेवा, यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आता खरी धोक्याची जागा. बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी गोळी चालू आहे, तिच्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही मिसळलेलं आहे, आणि वर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, असेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांतलं काहीतरी रोज. ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त तिन्ही बाजूंनी आवळलं जातं. पावसाळ्यात जुलाब लागले आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड बसायला दोन दिवसही पुरतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) न बघता वेदनाशामक महिनोन्‌महिने चालवू नका. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वेगळा. काळी, डांबरासारखी शौच झाली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ग्लुकोसामाइनबद्दल, म्हणजे कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळीबद्दल, दर आठवड्याला विचारणा होते. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी ते नको असं स्पष्ट आहे. महिन्याचा खर्च बघता ते पैसे फिजिओला द्या. बरंचसं ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं, ॲलर्जीवाल्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी डबी वाचावी. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी तर नकोच.

आणि त्या बिननावाच्या पुड्या. ‘तीन दिवसांत गुडघे मोकळे.’ होतातही मोकळे, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच महिने घेतल्या असतील तर एकदम बंद करणंही धोक्याचं, आधी डॉक्टरांना पुडी दाखवा.

शंकासुर:
इंजेक्शनांचं राहिलं. स्टेरॉइड, जेल, पीआरपी, स्टेम सेल. भाव चढत्या क्रमाने आहेत, गुणही तसेच का?

हाडवैद्य_नव्हे:
बहुतेक उलटे.

स्टेरॉइड सगळ्यात स्वस्त आणि सुजलेल्या गुडघ्यात काही आठवडे खात्रीने आराम देतं. पण ते सवयीचं औषध नाही. २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलेल्यांची कूर्चा, नुसतं मिठाचं पाणी दिलेल्यांपेक्षा जास्त पातळ झाली होती, आणि दुखण्यात फरक नव्हता. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर उसळते, घरी मोजत राहा. सांधा बदलायचं ठरत असेल तर आधीच्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

जेलचं इंजेक्शन, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड, हेच ते ‘वंगण’. काही दिवसांत शरीर ते पचवून टाकतं. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा अर्क. त्याचा चांगला प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला, २८८ लोक, निकाल २०२१ मध्ये. वर्षभराने पीआरपी आणि मिठाचं पाणी सारखंच ठरलं. स्टेम सेलने कूर्चा पुन्हा उगवते असं छातीठोक सांगणाऱ्यांकडून आधी आणि नंतरचा उभ्याने काढलेला एक्स-रे मागा.

वजनाचं कुणी काढलं नाही अजून. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. ८० किलोच्या माणसाने ८ किलो उतरवले तर ते कुठल्याही गोळीपेक्षा मोठं औषध. हल्ली सेमाग्लुटाइडची चौकशी होते. २०२४ मध्ये स्थूल आणि गुडघेदुखी असलेल्यांवरचा ६८ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि दुखणंही चांगलं कमी झालं. पण ते स्थूलतेचं औषध आहे, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं, आणि स्नायूही सोबत उतरू नयेत म्हणून वरचे व्यायाम करायचेच.

पुलाखालचा_मारुती:
सांधा कधी बदलायचा?

हाडवैद्य_नव्हे:
नीट केलेला तीन महिन्यांचा व्यायाम, वजन, जेल, काठी हे सगळं झाल्यावरही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तेव्हा. फार लवकरही नको आणि गुडघा पूर्ण वाकडा होऊन सरळ होईनासा झाला की मगही नको. ऑपरेशनआधी मांडीत जेवढी ताकद असेल तेवढं नंतर सोपं जातं.

वय कमी, पाय धनुष्यासारखा आणि फक्त आतला कप्पा गेलेला असेल तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया आहे, किंवा फक्त अर्धा सांधा बदलता येतो. हे पर्याय विचारून घ्या, आपणहून सांगितले जातीलच असं नाही.

आपल्याकडे हे ऑपरेशन घरोघरी माहीत झालं ते वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डावा गुडघा, जून २००१ मध्ये उजवा. पंतप्रधानांनीही दोन्ही एकाच दिवशी केले नाहीत, हे ‘दोन्ही एकदमच उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. हृदय-फुप्फुसं धडधाकट असतील तर एकदम करतातही, पण तो निर्णय सवलतीच्या पॅकेजवर होऊ नये.

टिकण्याचं विचाराल तर २०१९ मध्ये सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदी एकत्र करून आलेला आकडा असा, २५ वर्षांनी १०० पैकी साधारण ८२ सांधे जागेवर असतात. दुसरी बाजूही सांगतो. व्यवस्थित झालेल्या ऑपरेशननंतरही दहातले एक-दोन जण समाधानी नसतात, आणि त्यांत एक्स-रेमध्ये झीज कमी पण दुखणं जास्त असलेले पुष्कळ सापडतात. उकिडवं बसणं बहुतेकांना नंतरही जमत नाही.

केमिस्ट_गल्ली:
बिलाबद्दल एक. एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, आकडा पुढे बदलत गेला. ही मर्यादा फक्त इम्प्लांटची आहे. खोली, सर्जन, भूल, रोबो यांवर नाही, त्यामुळे पॅकेजमध्ये तफावत राहते ती तिथेच. अंदाजपत्रक मागताना इम्प्लांटची किंमत वेगळ्या ओळीत लिहून मागा, आणि सुटी मिळताना इम्प्लांटच्या बॉक्सवरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का ते बघा. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर आत कोणत्या कंपनीचा कोणता साइज आहे हे त्या चिकटपट्टीवरूनच कळतं. घरी आल्यावर झेरॉक्स काढून ठेवा, थर्मल छपाई उडते.

हाडवैद्य_नव्हे:
आणि हे असेल तर धागा बंद करून दवाखान्यात जा. गुडघा अचानक लाल, गरम, हात लावू देत नाही आणि ताप आहे. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखते आहे. पडल्यानंतर पायावर उभंच राहता येत नाही. वजन आपोआप उतरतंय आणि रात्री दुखणं वाढतंय. आणखी एक फसवं प्रकरण, खुबा बिघडलेला असतो आणि दुखतं गुडघ्यात. पायात मोजे घालायला त्रास होतो आणि जांघेतही दुखतं, असं असेल तर डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगा.

तिसरा_मजला:
फिजिओ परवडत नसेल तर?

लवण:
केईएम, सायन आणि नायर या तिन्ही पालिका रुग्णालयांत फिजिओथेरपीची महाविद्यालयंच आहेत, ओपीडी चालते. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे पट्टे आणि ब्रेसही मापाने बनतात. सकाळी लवकर जा, जुने कागद घेऊन जा, आणि पहिल्या भेटीत व्यायाम स्वतः करून दाखवा. नुसता छापील कागद घेऊन परत येऊ नका. बाकी मशीनचा शेक बरा वाटतो, पण दहा दिवस नुसता शेक घेणं म्हणजे फिजिओ झालं असं नाही.

नी कॅपबद्दल विचारण्याआधीच सांगते. कापडी नी कॅप गुडघ्याला ऊब आणि धीर देते, पाय सरळ करत नाही. बाहेर जाताना घाला, झोपताना काढा. वाटीच्या चार बोटं वर मांडीचा घेर मोजून साइज घ्या. काढल्यावर कातडीवर खोल वळ उठत असेल तर घट्ट आहे.

पुलाखालचा_मारुती:
काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची ना?

ओटा_मोरी:
उलट्या बाजूच्या. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडते. दुखऱ्याच बाजूला धरली की माणूस त्याच बाजूला कलतो.

उंची अशी मोजा. रोजची चप्पल घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या आतल्या घडीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. कोपर थोडंसं वाकलेलं राहील. खांदा वर उचलला जात असेल तर काठी उंच आहे. छिद्रं असलेल्या ॲल्युमिनियमच्या काठीत बटण पूर्ण बाहेर आलंय का ते दाबून बघा. अर्धवट अडकलेलं बटण जिन्यात दगा देतं.

आणि बूच. काठीच्या टोकाचं रबरी बूच खालून बघा, गोल नक्षी पुसली असेल किंवा एका कडेने धातू दिसायला लागला असेल तर आजच बदला. ओल्या लादीवर गुळगुळीत बूच साबणासारखं सरकतं. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे, सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. काठीचं टोक दोऱ्याने मोजून किंवा सरळ काठीच घेऊन जा, सैल बूच फलाटाच्या फटीत राहतं.